ॲक्सिलरेटरचा कोड परक्याला वाचता आला पाहिजे

टेक्ससमधल्या वॉक्साहाची गावाजवळ जमिनीखाली ८७ किलोमीटर घेराचा बोगदा खणायचा आणि त्यात जगातला सर्वांत मोठा कणवेगवर्धक, म्हणजे ॲक्सिलरेटर, बसवायचा, अशी अमेरिकेची १९८० च्या दशकातली योजना होती. नाव सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर. आराखडा झाला आणि वाद पेटला तो एका सेंटिमीटरवरून. प्रोटॉनचा झोत वळवणाऱ्या हजारो चुंबकांच्या पोकळीचा व्यास ४ सेंटिमीटर पुरेल, की ५ लागेल? संगणकावर प्रोटॉन लाखभर फेऱ्यांपर्यंत फिरवून पाहिले जात होते. चुंबकीय क्षेत्रातल्या बारीकसारीक त्रुटी धरल्या, तर मधल्या रेषेपासून लांब असलेले प्रोटॉन टिकत नाहीत, अशी चिन्हं त्यात दिसू लागली होती. १९९० च्या सुधारित आराखड्यात व्यास ५ सेंटिमीटर झाला, आणि झोत आत सोडतानाची ऊर्जाही दुप्पट करण्यात आली. चुंबक मोठे झाले, अतिवाहक तार वाढली, आधीच्या टप्प्याचं यंत्र वाढलं. अंदाजपत्रक ५.९ अब्ज डॉलरवरून ८ अब्जांच्या पुढे गेलं. वाढीला इतरही कारणं होती, पण हे त्यातलं ठळक. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रकल्प गुंडाळला, तोवर सुमारे २ अब्ज डॉलर खर्ची पडले होते.

व्यास वाढवण्याचा तो निर्णय चुकला, असं मी म्हणत नाही. त्या वेळच्या माहितीवर तो शहाणपणाचाच होता. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एवढ्या मोठ्या सार्वजनिक खर्चाचा एक पाया म्हणजे काही प्रोग्रॅम होते, आणि ते प्रोग्रॅम आतून समजणारी माणसं जगभरात मूठभर होती. पहिल्या चुंबकाची तार गुंडाळली जाण्याआधी कितीतरी वर्षं ॲक्सिलरेटर फक्त सॉफ्टवेअरमध्ये जगतो. तिथेच त्याची लांबी ठरते, चुंबकांची संख्या ठरते आणि किंमतही ठरते. म्हणून ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणालाही उघडता, वाचता आणि खोडून काढता आलं पाहिजे. मी हा सार्वजनिक हिशेबाचाच भाग मानतो. आणि कोड असा वाचण्याजोगा ठेवण्याचा आजवरचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नीट विचार करून केलेली ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मांडणी, म्हणजे प्रोग्रॅम स्वतंत्र वस्तूंमध्ये वाटून लिहिणं, असं माझं ठाम मत आहे. 'नीट विचार करून' हे शब्द मी मुद्दाम घातलेत, कारण त्या नावाखाली बराच कचराही लिहिला गेला आहे.

काम काय असतं ते आधी पाहू. एक कण म्हणजे सहा आकडे: आडवं स्थान आणि आडवा संवेग, उभं स्थान आणि उभा संवेग, आपल्या गठ्ठ्यातल्या आदर्श कणाच्या किती पुढे किंवा मागे, आणि ऊर्जा त्याच्यापेक्षा किती कमी किंवा जास्त. हा कण ओळीने मांडलेल्या घटकांतून जातो. वळवणारा डायपोल, झोत आवळणारा क्वाड्रुपोल, दुरुस्ती करणारा सेक्स्टुपोल, ऊर्जा देणारी आरएफ कॅव्हिटी, आणि मधल्या मोकळ्या नळ्या. जिनीव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे एलएचसीत, नुसते मुख्य डायपोलच १२३२ आहेत. २७ किलोमीटरच्या त्या कड्यात प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो. पाव तासात एक कोटीच्या वर फेऱ्या होतात. संगणकावर दहा लाख फेऱ्या चालवणं हे मोठं काम समजलं जातं, आणि खऱ्या यंत्रातला तो जेमतेम दीड मिनिटाचा काळ असतो. बाकीचं अनुमान आहे. अनुमान जितकं जास्त, तितकं ते कसं काढलं हे तपासायची सोय जास्त हवी.

फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅममध्ये ही सोय कमी होती. चुंबकाचा प्रकार म्हणजे एक पूर्णांक. प्रकार २ असेल तर हे कर, ३ असेल तर ते कर, अशा फांद्या पंचवीस ठिकाणी. सगळी माहिती सामायिक मेमरीत, प्रोग्रॅमच्या कुठल्याही तुकड्याने कुठलाही आकडा बदलावा. नव्या जातीचा चुंबक घालायचा तर त्या सगळ्या ठिकाणी हात घालावा लागे आणि एखादं ठिकाण राहून जाई. राहिलेलं ठिकाण प्रोग्रॅम बंद पाडत नाही. तो चुकीचं उत्तर देतो, आणि ते दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखंच असतं.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत क्वाड्रुपोल ही एक स्वतंत्र वस्तू होते. तिची लांबी, तिची ताकद, तिच्या क्षेत्रातल्या त्रुटी, बसवताना झालेली तिरपाई, सगळं तिच्यापाशी. इथवर कुठलंही पाठ्यपुस्तक सांगेल. खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो: कणाला पुढे ढकलायचं काम कुणाचं? चुंबकाला सांगायचं का, की बाबा, हा कण घे आणि पलीकडे काढून दे? की चुंबकाने फक्त आपलं क्षेत्र सांगायचं, आणि ढकलण्याचं काम वेगळ्या ट्रॅकरने करायचं?

एलएचसीतल्या एका जागेवर या प्रश्नाचं उत्तर फार स्वच्छ दिसतं. दोन झोत जिथे एकमेकांवर आदळतात, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना काही क्वाड्रुपोल असे आहेत की ज्यांच्या एकाच पोकळीतून दोन्ही झोत जातात, उलट्या दिशांनी. दोन्हींत प्रोटॉनच. चुंबक एकच, क्षेत्र एकच. पण एका झोताला तो आडव्या दिशेत आवळतो, आणि उलट्या दिशेने येणाऱ्याला त्याच दिशेत फाकवतो. आता प्रोग्रॅममध्ये 'आवळणारा' हा गुण चुंबकाच्या वस्तूत लिहून ठेवला, तर दुसऱ्या झोतासाठी तो खोटा ठरतो. आवळणं हा चुंबकाचा गुण नाहीच, ते चुंबक आणि झोत यांच्यातलं नातं आहे. सर्नच्या मॅड-एक्स या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या झोतासाठी 'बीव्ही' नावाचा एक निशाण-आकडा वापरतात, तो उणे एक केला की चिन्हं फिरतात. काम चालतं, वर्षानुवर्षं चाललंय. पण वाचणाऱ्याला ते आधीच ठाऊक असावं लागतं. त्याऐवजी चुंबकापाशी फक्त क्षेत्र आणि ट्रॅकरपाशी गतीचे नियम असं वाटप केलं, की चिन्ह आपोआप भौतिकशास्त्रातून येतं. कुणाच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून राहत नाही. चांगली मांडणी म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

हे वाटप नव्वदीच्या दशकात अनेकांनी आपापल्या परीने शोधलं. निकोलाय मालित्स्की आणि रिचर्ड टॅलमन यांच्या युनिफाइड ॲक्सिलरेटर लायब्ररीज या सी++ भाषेतल्या संचात घटक, गणनापद्धत आणि तपासला जाणारा कण किंवा झोत अशा तीन वेगळ्या बाजू केल्या होत्या. टॅलमन हे आधी सुपर कोलायडरच्या गणितासाठी लिहिलेल्या टीपॉट या प्रोग्रॅमच्या कर्त्यांपैकी एक, तेव्हा या विचारामागे तो सगळा अनुभव होता. हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत निक वॉकर यांनी मर्लिन हा प्रोग्रॅम लिहिला, तो सरळ रेषेतल्या इलेक्ट्रॉन कोलायडरसाठी. त्यात ट्रॅकरला वेगवेगळ्या भौतिक प्रक्रिया जोडता येत. पुढे ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी तोच मर्लिन एलएचसीतल्या कोलिमेटरवर, म्हणजे भरकटलेले कण अडवणाऱ्या भागांवर, प्रोटॉन कसे विखुरतात हे पाहण्यासाठी वापरला. यंत्र वेगळं, कण वेगळा, प्रश्न वेगळा. पण नवी प्रक्रिया लिहून जोडली आणि बाकीचा बराच सांगाडा तसाच कामी आला.

सगळ्यांत बोलकी गोष्ट मात्र मॅडची आहे, आणि ती माझ्या बाजूने जितकी आहे तितकीच विरुद्धही आहे. क्रिस्टोफ इसेलिन यांनी सर्नमध्ये वाढवलेला मॅड हा प्रोग्रॅम ऐंशीच्या दशकापासून या क्षेत्राची बोलीभाषा झाला होता. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या स्नोमासच्या बैठकीत डेव्हिड केरी आणि इसेलिन यांनी यंत्राचं वर्णन लिहिण्याची एक समान पद्धत मांडली. क्वाड्रुपोलला नाव द्यायचं, लांबी आणि ताकद लिहायची, मग नावं ओळीने मांडून यंत्र उभं करायचं. ती पद्धत इतकी रुजली की आजही निरनिराळे प्रोग्रॅम तिचीच पिल्लं वाचतात. मग इसेलिन यांनी सी++ मध्ये क्लासिक हा वर्गसंग्रह आणि त्यावर मॅड-९ उभारला. रचना उत्तम होती. पण एलएचसी दारात आला होता, वापरणाऱ्यांच्या फायली आणि हातची सवय जुन्या मॅड-८ ची होती, आणि सर्नने मॅड-९ सोडून २००२ मध्ये मॅड-एक्स आणला: गाभा सी भाषेत, आत जुनं आणि नवं फोरट्रान, आणि विभागवार मांडणी. प्रत्येक विभागाला एक नामनिर्देशित राखणदार नेमला. तो विभाग त्याने सांभाळायचा, त्यातल्या चुकांना त्याने उत्तर द्यायचं.

म्हणजे सुंदर रचना हरली का? त्या फेरीत हरली, हे मान्य करायलाच हवं. राखणदारांची कल्पनाही मला मनापासून पटते, तिच्याकडे पुढे येतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये ५९० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना सर्पिल वाटेने फिरवणारा ॲक्सिलरेटर आहे, मेगावॉटच्या वर शक्तीचा प्रोटॉन झोत देणारा. तिथे कणांची आपापसातली विद्युत ढकलाढकल हजारो प्रोसेसरांवर मोजावी लागते. तिथल्या आंद्रेआस आडेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्नने बाजूला ठेवलेला तोच क्लासिक आणि मॅड-९ उचलला आणि त्यावर ओपल हा मुक्त प्रोग्रॅम उभा केला. सायक्लोट्रॉन तर इसेलिन यांच्या कड्याच्या आकाराच्या यंत्रांपेक्षा पूर्ण निराळ्या घाटाचा. तरी ते जमलं, कारण वर्ग एकमेकांपासून सोडवता येत होते. ज्या संस्थेने कोड टाकून दिला तिच्याबाहेर तो जगला. वाचण्याजोगं असणं म्हणजे काय, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे: ऑब्जेक्टमुळे वेग जातो. प्रत्येक कणाची एक वस्तू केली आणि प्रत्येक पावलाला कुठलं फंक्शन चालवायचं याचा शोध घेत बसलं, तर लाखो कणांचा हिशेब रांगत चालतो. ग्राफिक्स प्रोसेसरला तर एकच क्रिया शेकडो कणांवर एकदम करायची असते. त्याला कणांची स्थानं एका सलग रांगेत, संवेग दुसऱ्या रांगेत, असं लागतं. म्हणून कण ही वस्तू करायची नाही. घटक ही वस्तू, गणनापद्धत ही वस्तू, आणि कण म्हणजे आकड्यांच्या साध्या रांगा. सर्नमधला आजचा एक्ससूट हा प्रोग्रॅम-संच याच वळणाने गेला आहे. वरून पायथनमध्ये घटक वस्तूंसारखे हाताळायचे, खाली त्यातून सी कोड तयार होऊन तो साध्या किंवा ग्राफिक्स प्रोसेसरवर पळतो. ज्यांनी वेगाच्या नावाखाली सगळी मांडणीच नाकारली, त्यांना हे उत्तर पुरेसं आहे असं मला वाटतं.

वाचता येणं पुरत नाही, तेच उत्तर पुन्हा मिळालंही पाहिजे. २००४ मध्ये सर्नने एलएचसी ॲट होम नावाचा उपक्रम सुरू केला. जगभरातल्या लोकांनी आपल्या घरचे संगणक रिकाम्या वेळेत सिक्सट्रॅक या कण फिरवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला वापरायला दिले. एकच काम दोन घरी पाठवायचं आणि उत्तरं ताडून पाहायची. काही उत्तरं जुळेनात. कोड तोच, सुरुवातीचे आकडे तेच. खोदत गेल्यावर कळलं की साइन, लॉगरिदम यांसारखी साधी फंक्शनं निरनिराळ्या संगणकांवर शेवटच्या अंकात किंचित वेगळी येतात. काठावरच्या प्रोटॉनची गती अव्यवस्थित असते, तिथे शेवटच्या अंकातला फरक फुगत फुगत जातो आणि एकीकडे टिकलेला प्रोटॉन दुसरीकडे हरवतो. फ्रान्समधल्या लियाँच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये तयार झालेली, शेवटचा अंक काटेकोर गोल करणारी सीआरलिबम ही लायब्ररी लावल्यावर उत्तरं एकेका बिटापर्यंत जुळली. कोड बंद खोलीत एकाच संगणकावर चालत राहिला असता, तर हे कुणाला समजलं असतं? हजारो अनोळखी लोकांच्या टेबलांवर तो पोहोचला म्हणून समजलं.

यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की जगासाठी एकच उत्तम, सर्वमान्य प्रोग्रॅम असावा. मला हे धोक्याचं वाटतं. सगळे एकाच लायब्ररीवर उभे राहिले, तर तिच्यातली चूक सगळ्यांची होते आणि ताडून पाहायला दुसरं काही उरत नाही. एलएचसीच्या कोलिमेटरचं गणित सिक्सट्रॅकने केलं, ते मर्लिनशी आणि कण पदार्थातून कसे जातात हे मोजणाऱ्या जिआंट४ वर उभ्या असलेल्या बीडीसिम या प्रोग्रॅमशीही ताडून पाहिलं गेलं. असंच हवं. यंत्राचं वर्णन एक असावं, स्नोमासच्या धर्तीवर, आणि ते वाचणारी इंजिनं अनेक, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. घटक आणि गणनापद्धत वेगळे ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो शेवटी यासाठीच, कारण त्या सांध्यावरच दुसरं इंजिन बसवता येतं.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. एलएचसीसाठी भारतातून अतिवाहक सुधारक चुंबक गेले, जड चुंबक अचूक टेकवणारे हजारो जॅक गेले, भारतीय अभियंत्यांनी तिथे चुंबकांच्या चाचण्या केल्या. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. इंदूरला इंडस-२ हा २.५ गिगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे कड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश प्रयोगांना पुरवणारं यंत्र, चालतो, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात लेहिपा हा प्रोटॉन ॲक्सिलरेटर आहे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन हा ॲक्सिलरेटर आहे, अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या पिप-२ या ॲक्सिलरेटर प्रकल्पात आपल्या संस्था भागीदार आहेत. आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर प्रोटॉन उपचार सुरू झालेत. प्रोटॉन शरीरात किती खोलवर थांबतो, याचा अभ्यास जगभर जिआंट४ सारख्या प्रोग्रॅमच्या आधारे होतो. चुंबक आणि जॅक आपण देतो. कोड मात्र बहुतेक वेळा आपण घेतो.

घेण्यात कमीपणा नाही. पण काय घेतोय ते उघडून पाहता येतंय का, हे आपल्यासाठी इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या अणुऊर्जा संस्थांवर निर्बंध घातले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जिआंट४ ची पहिली आवृत्ती आली. जुन्या फोरट्रानमधल्या जिआंटची सी++ मधली ही पूर्ण नवी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड बांधणी, १९९४ पासून अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून केलेली. ती कुणीही उतरवून घेऊ शकतो, आतलं भौतिकशास्त्र वाचू शकतो, स्वतःची प्रक्रिया लिहून जोडू शकतो. त्याच क्षेत्रातला, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचा एमसीएनपी हा प्रोग्रॅम मात्र अमेरिकी निर्यात नियंत्रणाखाली वाटला जातो. कुणाच्या परवान्यावर आपलं गणित अवलंबून ठेवायचं, हा धोरणाचा प्रश्न आहे. सिंक्रोट्रॉनच्या क्षेत्रातही हेच: ॲक्सिलरेटर टूलबॉक्स हा प्रोग्रॅम-संच वर्षानुवर्षं मॅटलॅबवर चालला, आणि मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागतो. आता त्याची पायथन आवृत्ती आहे. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला घरच्या लॅपटॉपवर पूर्ण सिंक्रोट्रॉन मांडून त्यातले चुंबक हलवून पाहता येतात, खर्च शून्य.

अणुऊर्जा म्हटलं की गुप्ततेचा मुद्दा निघतो. जिथे तो खरा आहे तिथे असू दे. पण देशभरातल्या विद्यापीठांतले लोक ज्याच्या बीमलाइनवर, म्हणजे प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटांवर, प्रयोग करायला जातात, त्या सिंक्रोट्रॉनच्या चुंबकांची मांडणी गुपित असायचं कारण नाही.

आता राखणदार. या क्षेत्रातले कितीतरी प्रोग्रॅम एकेका माणसाच्या चिकाटीवर उभे आहेत. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेचा एलिगंट म्हणजे मायकेल बोरलंड, कॉर्नेल विद्यापीठाचा बीमॅड म्हणजे डेव्हिड सेगन, मॅड-एक्सच्या आतला पीटीसी म्हणजे एतिएन फॉरेस्ट. या लोकांचे उपकार मोठे आहेत. पण एखादं सार्वजनिक यंत्र तीस वर्षं चालणार असेल, तर त्याचं गणित एका माणसाच्या निवृत्तीवर सोडून चालत नाही. आपल्याकडे तर शोधनिबंध मोजले जातात, चांगला कोड लिहून तो दहा वर्षं सांभाळणाऱ्याच्या नावावर बढतीच्या वेळी काय धरायचं हे कुणाला ठाऊक नसतं. मग हुशार मुलं पीएच.डी.पुरता कोड लिहितात, निघून जातात, आणि पुढचा विद्यार्थी तो फेकून नव्याने सुरू करतो. अशाने पैसा वाया जातो तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी प्रश्नही विचारत नाही.

माझी मागणी साधी आहे. देशात यापुढे जो कुठला ॲक्सिलरेटर सार्वजनिक पैशातून मंजूर होईल, त्याच्या प्रकल्प अहवालासोबत यंत्राचं पूर्ण संगणकीय वर्णन खुलं व्हावं. मुख्य आकडे किमान दोन स्वतंत्र इंजिनांनी काढलेले असावेत, आणि त्यातलं एक तरी आपल्याकडच्या माणसांनी आतून वाचलेलं, दुरुस्त करू शकण्याइतकं ओळखीचं असावं. आणि त्या मॉडेलला एक कायमस्वरूपी राखणदार हवा, पदनाम आणि पगारासकट, ज्याच्या कामाचं मोजमाप निबंधांऐवजी कोडवर, त्याच्या चाचण्यांवर आणि त्याने तयार केलेल्या पुढच्या राखणदारांवर होईल. एका वैज्ञानिक अधिकाऱ्याचं पद मंजूर करायला किती खर्च येतो ते अणुऊर्जा विभागाला माहीत आहे. एका अतिवाहक कॅव्हिटीचा खर्चही माहीत आहे. हे दोन आकडे पुढच्या अंदाजपत्रकात शेजारी शेजारी छापावेत.